पुढच्या पिशवीतलं वजन

पाळण्याची कडी करकरली आणि आम्ही तिघंही होतो तिथेच थिजलो.

माझ्या हातात तंबूची गुंडाळी. हणमंत, माझा नवरा, हुकाचा वजनकाटा छातीपर्यंत उचलून उभा. आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भिंतीला पाठ लावून वाती वळत बसलेल्या, त्यांची बोटं तशीच मांडीवर. अकरा महिन्यांची शिवन्या पाळण्यात कुशीवर वळली, झोपेतच दोनदा ओठ चोखले आणि पुन्हा गाढ झाली.

"हं, लटकव," हणमंत कुजबुजला.

मी पिशवी हुकाला लटकवली. काटा त्याच्या डेअरीतला. खाली गेला, वर आला, थरथरून थांबला.

"मागच्या पिशवीपेक्षा जड आहे ही. थोडीशीच."

"मग टॉवेल काढते," मी म्हणाले.

"टॉवेल? अंग कशानं पुसशील?"

"उन्हानं."

"बघ बाई. कालपासून नुसतं काढतीयेस. शेवटी होडीत एकटं वल्हं जाईल आणि तू ऱ्हाशील किनाऱ्यावर."

"ऱ्हाऊ दे की," आत्या वातीकडे बघत म्हणाल्या. "त्यातच सुख हाय समद्यांचं."

मी टॉवेल काढून त्यांच्या शेजारी ठेवला. त्यांनी तो उचलला, घडी मोडली, पुन्हा घातली आणि मांडीवर घेऊन बसल्या.

आमचं गाव धरणाच्या पाण्याकाठी आहे. दोन डोंगरांच्या मधून ते पाणी वळणं घेत घेत पार आत, जंगलाच्या टोकापर्यंत जातं. अलीकडच्या काठावर एक जलक्रीडा केंद्र. शहरातल्या शाळांची मुलं सुट्टीत येतात, होडी वल्हवायला शिकतात, उन्हानं काळी होऊन परत जातात. लग्नाआधीपासून मी तिथे शिकवत होते. शिवन्या पोटात असताना, पोट चांगलं दिसायला लागलं तरी मी धक्क्यावर उभी राहून पोरांवर ओरडत होते. मग बाळंतपण, मग लांबलेली रजा. दिवाळीनंतर परत गेले, तर केंद्र चालवणारे देशमाने सर खुर्चीतून न उठताच म्हणाले, "ये ये, जयमाला. आता ऑफिसात बस. सावलीतलं काम. फॉर्म भरून घ्यायचे, पालकांचे फोन घ्यायचे."

"आणि माझी होडी?"

"अगं, जो सहा महिन्यांच्या वर पाण्याबाहेर राहिला त्याने एकट्याची फेरी पुन्हा करायची. नियमच आहे तो."

एकट्याची फेरी म्हणजे एकाच माणसाची होडी घेऊन पाण्याच्या शेवटच्या टोकाला जायचं, तिथल्या वडाला केंद्राची नारिंगी पट्टी बांधायची, रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. सामान आपलं आपण न्यायचं. मागे-पुढे दुसरी होडी नाही, मदतीला कुणी नाही. ती करणाऱ्यालाच मुलं हाती देतात. मी एकदा केली होती, लग्नाआधी.

"निखिल खांदा मोडून आठ महिने घरी होता," मी म्हणाले. निखिल माझ्याबरोबरचा शिक्षक. "त्याला कुणी पाठवलं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"खांदा तो खांदा. इथे लहान मूल आहे. उद्या काही झालं तर लोक माझ्या दारात येतील." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे बघ, हट्टाने निघालीसच तर मूलबीळ होडीत घालून नाही न्यायचं. तुम्हा बायकांचा नेम नाही. एकटीने जायचं, एकटीने यायचं. नाही जमलं तर फॉर्म आहेतच."

"शनिवारी जाते," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी चिडून बोलतेय. चिडले होतेच. पण शनिवार खरा होता.

जाता जाता त्यांनी केंद्राची मोठी सॅक माझ्यापुढे सरकवली. "ही घेऊन जा. आजवर सगळ्यांनी हीच नेलीय."

मी ती धक्क्यावर नेऊन होडीत ठेवून पाहिली. एकट्याची होडी फार अरुंद. दोन्ही टोकं निमुळती, मधोमध बसायची फळी, आणि होडीचं अंग ताणून राहावं म्हणून पुढे-मागे दोन आडव्या पट्ट्या. सामानाला जागा म्हणजे दोन कोनाडे, एक गुडघ्यांच्या पुढे, एक पाठीमागे. ही सॅक डोंगर चढायला बनवलेली, उंच आणि लांबडी. आडवी घातली तर पट्ट्यांत अडकायची, उभी केली तर काठाच्या वर हातभर निघायची आणि नुसता खोकला आला तरी होडी कलायची. माझ्यासारख्या कमी उंचीच्या बाईला तर तिच्यावरून पुढचं पाणीच दिसेना. सगळ्यांनी हीच नेली ती इतर सहलींना, दोघांच्या मोठ्या होडीतून, हे सरांच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं.

सॅक मी त्यांच्या टेबलावर परत ठेवली. "मावत नाही, सर."

"मग कशी जाणार?"

"मावेल तेवढं घेऊन."

साताऱ्याहून मी दोन बुटक्या, रुंद पिशव्या आणल्या. तोंड गुंडाळून बंद केलं की पाण्याचा थेंब आत जात नाही अशा. दोन्ही वजनाला सारख्या भरायच्या, एक पुढे, एक मागे, मध्ये मी. होडी पाण्यावर ताटासारखी सपाट बसली पाहिजे. खाण्यासाठी हणमंतने डेअरीतली घट्ट झाकणाची छोटी किटली दिली. उलटली तरी सांडायची नाही आणि बुडायचीही नाही. बाकी प्रत्येक वस्तू हातात घेऊन मी एकच प्रश्न विचारत होते, हे नसलं तर मी मरेन का? दुसरं वल्हं, ठेवलं. दोरी, ठेवली. पाणी उपसायला अर्धा कापलेला कॅन, ठेवला. दुसरी सलवार, काढली. कंगवा काढला. टूथब्रशचा दांडा तर मी सुरीने अर्धा केला, ते बघून हणमंतने कपाळावर हात मारला.

"मला ह्या हिशेबात पयल्याच दिवशी बाहेर काढलं असशील."

"तुम्हाला तर लग्नाआधीच," मी म्हणाले. आत्यांसमोर मी त्याला अहो म्हणायचे.

आत्यांची भर घालणं मात्र चालूच होतं. माझी पाठ वळली की काहीतरी येऊन पडायचं. डिंकाच्या लाडवांचा डबा. घोंगडी. नारळ. मी काढायचे, त्या ठेवायच्या.

"लाडू चार, आत्या. डबा नाही, कागदात."

"चार? रातभर डोंगरात ऱ्हानार आन् चार लाडू? आन् इळा घे जवळ. लोखंड असावं."

"चाकू आहे की."

"चाकू म्हंजी काय लोखंड! कांदा चिरायचं ते." त्या पुढे सरकल्या, आवाज खाली आणला. "आगं, त्या पान्यात सात जनी बसल्यात. आसरा. लेकुरवाळी एकटी दिसली की त्यास्नी वाटतं, हिचं लेकरू कुठाय? मागून घेत्यात. तू अजून अंगावर पाजतीस. वास येतो त्यास्नी दुधाचा."

पाण्यात राहणाऱ्या ह्या सात देवींची भीती आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला घालतात. मला सव्वा महिना विहिरीकडेसुद्धा जाऊ दिलं नव्हतं.

"मागू देत," मी म्हणाले. "मी देणार नाही."

"तू न देऊन चालतंय व्हय?"

"आत्या, मी आत्ता नाही गेले ना, तर आयुष्यभर त्या टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या पोरांची नावं लिहीन. मी होडीत बसणार, आणि त्यात माझं सामान जाणार. भीती नाही. तिला जागाच नाहीये."

आत्या गप्प झाल्या. वातींचं ताट उचलून आत गेल्या. मला वाटलं, मी जिंकले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तरी त्या गप्प झाल्या की आत काहीतरी शिजतंय हे मला अजून कळत नव्हतं.

हणमंतने हळूच विचारलं, "आणि पिल्लाचं?"

"पेज खाते. वाटीने दूध पिते. एक रात्र काढेल."

"आणि तुझं?"

"पिळून टाकीन," मी म्हणाले आणि पिशवीचं तोंड गुंडाळायला घेतलं.

शनिवारी सकाळी शिवन्या झोपलेली असतानाच निघाले. तिला उठवलं नाही. पाळण्याजवळ नुसती उभी राहिले, वाकलेसुद्धा नाही. उठली असती तर मी निघाले नसते. तिचा एक पाय दुपट्याबाहेर आला होता, तो झाकावासा वाटला. झाकला नाही.

शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवून आत्या धक्क्यावर आल्या, तेही माझी पुढची पिशवी छातीशी धरून. हणमंतने घ्यायला हात केला तर फिरवून पाठ दाखवली. "एवढं तरी उचलू द्या मला." चढावर त्यांना धाप लागली, पाय जरा अडखळला. मला वाटलं, वय झालं. होडीत पिशवी त्यांनीच ठेवली, दोन्ही हातांनी, हळूच, काहीतरी निजवावं तशी. मग होडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं.

देशमाने सर धक्क्याच्या वरच्या टोकाला, हाताची घडी घालून. "परत फिरावंसं वाटलं तर फीर हं. कुणी हसणार नाही."

मी पट्टे ओढले, गुडघे टेकले, वल्हं पाण्यात घातलं.

वल्ह्याच्या तिसऱ्या-चौथ्या हाताला कळलं की काहीतरी चुकलंय. नाक खाली होतं. ताटासारखी बसायला हवी ती होडी पुढे वाकून चालली होती, जड ओझं डोक्यावर घेतलेल्या बाईसारखी. मी काट्यावर मोजून भरलं होतं! हणमंतने चूक केली? तंबू ओला होता? थांबून पिशवी उघडावी तर धक्क्यावरून सगळे बघताहेत, आणि निघाल्या निघाल्या सामान उपसणारी बाई म्हणजे सरांना पेढाच. मी दात आवळून फळीवर मागे सरकले आणि वल्हवत राहिले. पहिलं वळण घेऊन दिसेनाशी झाले, तोवर हातांना लय सापडली होती, आणि मग थांबायची मलाच इच्छा उरली नाही.

अकरा महिन्यांत मी एकटी अशी कुठेच नव्हते. न्हाणीघरातसुद्धा दाराबाहेर कान असायचा. इथे वल्ह्याचं पाणी ठिबकायचं तेवढाच आवाज. मी मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं. जयमाला. समोरच्या डोंगराने अर्धं परत केलं.

दुपारी वारा सुटला, तोंडावर. त्या वाऱ्याची मला भीती होती. समोरचा वारा एकट्याच्या होडीचं नाक धरतो आणि कागदासारखं फिरवतो. मागच्या फेरीत अर्धा वेळ मी होडी सरळ करण्यातच घालवला होता. ह्या खेपेला लाटा आल्या, अंगावर पाणी उडालं, पण नाक हललं नाही. पाण्यात रुतून, हट्टी बैलासारखं पुढेच. मला वाटलं, बघा! बाळंतपणाने माझे हात गेले म्हणत होते. मी त्या वाऱ्याला चक्क शिव्या दिल्या. आईने मला शिकवल्या नाहीत, पण गावाने शिकवल्या होत्या तेवढ्या सगळ्या.

उन्हं कलायच्या आत वडाला नारिंगी पट्टी बांधली. होडी वाळूवर ओढली आणि तंबू काढायला पुढची पिशवी उघडली.

आत, तंबूच्या वर, शिवन्याची कुंची होती. लाल खणाची, कपाळावर पिवळी झालर. तिचं टोपरं वर आलेलं आणि खाली अंग, गच्च बांधलेलं, गोल.

मी झालरीला हात लावला. तेवढ्यात काय काय मनात आलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी झालर वर केली.

वरवंटा होता. आमच्या पाट्याचा, काळा, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला.

"आत्या!" मी ओरडले. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

टूथब्रशचा दांडा कापला होता मी. टॉवेल नाही, कंगवा नाही, आणि ह्या बाईने माझ्या होडीत दगड घातला! दगड! मी तो उचलला तसा गुडघाभर पाण्यात गेले. दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला. मला तो जितका लांब जाईल तितका लांब टाकायचा होता, आणि घरी जाऊन सांगायचं होतं की तुमच्या सात जणींना दिला, वाटा चटणी आता मिक्सरवर.

कुंची माझ्या नाकाशी आली होती. वेखंडाचा वास, आंबट दुधाचा, तिच्या मानेच्या वळीतला. आणि मी काही ठरवायच्या आत मला पान्हा फुटला. दोन्ही बाजूंनी. ओढणी, लाइफ जॅकेटची पट्टी, सगळं ओलं. डोक्यावर दगड आणि मी पाण्यात उभी, आणि अंग त्या दगडाला पाजायला निघालेलं.

तेव्हा कुठे आठवलं, शिवन्याच्या बारशाला पाळण्यात तिच्याआधी हाच निजला होता. आमच्याकडे तशी रीत. बाळाआधी वरवंट्याला कुंची घालतात, बायका त्याला पाळण्याखालून वरून हातोहात देतात-घेतात. नजर, पीडा, ज्याला कुणाला बाळाला हात लावायचाय त्याने आधी दगडाला लावावा. आत्यांनी माझ्याबरोबर लेकरू पाठवलं होतं. सात जणींनी विचारलं, हिचं कुठाय, तर हे बघा म्हणायला.

मी तो खाली घेतला. काठावरच्या खडकावर मांडीशी ठेवला आणि तिथेच बसून दूध पिळलं. पाण्यात. पांढरं धुक्यासारखं पसरत गेलं ते.

"घ्या," मी पाण्याला म्हणाले. "आणि गप बसा आता."



सकाळी वरवंटा मी पिशवीत कोंबला नाही. उघडा ठेवावा तर घरंगळून होडीच्या अंगावर आपटेल, म्हणून कुंचीतच नीट बांधला आणि गुडघ्यांपुढे, पट्ट्याने आवळून, नजरेसमोर ठेवला. दुपारी पाठीमागून वारा आला तसा सोडवून पाठीमागे नेला, कारण काल समोरच्या वाऱ्यात त्यानेच नाक दाबून धरलं होतं, पण वारा मागून ढकलत असला की वजन मागेच हवं. धक्क्याजवळच्या शांत पाण्यात आले आणि परत पुढे घेतला. एवढं मनासारखं हलवता येणारं सामान मी आजवर कुठल्या होडीत नेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्याशी बोलतही होते. वळण आलं की सांगायचे, वळण आलं.

धक्क्यावर देशमाने सर होते, निखिल होता, मुलांना सोडायला आलेलं एक शहरी जोडपं होतं. सरांनी डोळ्यांवर हात धरला. मग ते धावत खालच्या पायरीवर आले.

"मूल नेलंस?" त्यांचा आवाज फाटला. "जयमाला! तू मूल नेलंस होडीत?"

मी वल्हवत राहिले.

"मी बजावून सांगितलं होतं! फेरी रद्द! ऐकतेस का? रद्द! अगं, थंडीचं, रात्रभर... माणूस आहेस का कोण आहेस!"

"ओरडू नका, सर," मी म्हणाले. "निजलंय."

त्यांनी आवाज एकदम खाली आणला. खरंच. तोंड उघडं ठेवून कुजबुजायला लागले. "अगं, पण..."

होडी पायरीला लागली. मी पट्टा सोडवला, गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं आणि वर केलं. "जरा धरता? मला उतरायचंय. मान सांभाळा."

त्यांनी धरलं. फार नीट धरलं. एक तळवा मानेखाली, एक खाली, कोपर छातीशी. सरांना दोन मुली आहेत हे मला तेव्हा आठवलं. नकळत ते थोडे डुललेसुद्धा. मी उतरले, होडी वर ओढली, वल्हं टेकवलं. सरांनी हलकेच झालर वर केली, तोंड बघायला.

त्यांनी झालर खाली केली आणि परत वर केली.

निखिल वाकून बघायला आला आणि पायरीवर बसूनच हसायला लागला. त्या शहरी बाईंना काही कळेना, त्यांनी नवऱ्याला विचारलं, "बरं आहे ना बाळ?"

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"सामान."

"नियम असा आहे की सोबतीला कुणी..."

"हा कुणी नाही, सर. ह्याचं बारसं झालंय आमच्याकडे, पण नाव नाही ठेवलेलं."

ते गाठोडं त्यांना खाली ठेवता येईना आणि धरवेना. शेवटी माझ्याकडे दिलं, दोन्ही हातांनी, जसं घेतलं तसंच. "पट्टी बांधलीस?"

"बांधली. कुणाला तरी पाठवून बघा."

"सोमवारी ये," ते म्हणाले आणि पायऱ्या चढायला लागले.

"सर," मी हाक मारली. "निखिलची फेरी कधी?"

निखिलचं हसू थांबलं. सर वळले नाहीत, पण थांबले. "पुढच्या शनिवारी," ते म्हणाले.

घरी शिवन्या माझ्याकडे आली नाही. हणमंतच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं, मग तोंड फिरवून त्याच्या मानेत घातलं. मी हात पुढे केले, तिने पाय झाडले. उन्हाने माझं नाक सोललं होतं, केस कंगव्याशिवाय दोन दिवसांचे. हणमंत म्हणाला, ओळखत नाही गं, थांब जरा. मी थांबले. जमिनीवर बसून राहिले, भिंतीला टेकून. पुष्कळ वेळाने ती रांगत आली, आधी माझा अंगठा चाचपला, मग गुडघा, मग चढली आणि रागावल्यासारखी पीत राहिली, मध्येच तोंड काढून माझ्याकडे बघून पुन्हा.

आत्या आल्या. गाठोडं उचललं, कुंची सोडवून दांडीवर टाकली, वरवंटा धुतला आणि पाट्यावर लसूण ठेवला.

"आत्या, मी काट्यावर तोलून भरलं होतं."

"म्हाईत हाय."

"उलटले असते ना मी, तर तुमच्या दगडानं."

"उलटलीस का?"

"नाही."

"मग?" त्या वाटायला लागल्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तू म्हनत हुतीस न्हवं, हे नसलं तर मी मरीन का? म्या बी तेच बगितलं. तू मेली नसतीस गं. मी मेले असते, इथं बसून."

ह्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. केंद्रात माझ्या हाताखाली दोन मुली आहेत, त्यांना पिशव्या भरायला मीच शिकवते. शिवन्या सात वर्षांची होईल. ही गोष्ट तिची सगळ्यात आवडती. कणीक मळून ओलं फडकं टाकलं की मला थोडा वेळ सापडतो, तेवढ्यात तिला ती हवी असते, आणि सर झालर वर करतात तिथे ती दर वेळी लोळून हसते. माहीत असूनही.

आज हसली नाही. आत्या आत चटणी वाटत होत्या, वरवंट्याचा पाट्यावर घसरायचा आवाज येत होता, तो ऐकत बसली. मग उठून आत गेली. मला दिसलं, तिने आजीला थांबवलं, वरवंटा दोन्ही हातांत घेतला, उचलून पाहिला, एकदा, दोनदा, आणि परत ठेवला. हात फ्रॉकला पुसत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई," तिने विचारलं, "मी त्याच्यापेक्षा जड होते का गं?"